लग्न झाले, दाखला कुठे आहे?

परप्रांतात झालेल्या लग्नाच्या नोंदीची प्रत पंचवीस-तीस वर्षांनी मागायची वेळ आली, तर कुठे जायचे, काय विचारायचे आणि नोंदच सापडली नाही तर काय करायचे? अंबत्तूरच्या निमित्ताने प्रत्येक विवाहित स्त्रीने जाणून घ्यावे असे काही.

लग्न ठरले की घरात याद्या सुरू होतात. कार्यालय, आचारी, बस्ता, मानपान, रुखवत, आहेर. विहिणीला कोणती साडी द्यायची, यावर दोन-दोन दिवस खल होतो. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला सहा महिने आधी ठरतो. या लांबलचक यादीत एक ओळ मात्र अनेक घरांत नसतेच : विवाहाची नोंदणी आणि तिच्या दाखल्याची प्रत. ‘सगळ्या गावाने पाहिले, आता सरकारला कशाला सांगायचे?’ असे म्हणून विषय संपवला जातो.

हा विषय पुन्हा निघतो तो बहुधा अडचणीच्या वेळी. नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळवायचे असते, मुलाकडे परदेशी जाण्यासाठी व्हिसा हवा असतो, विम्याच्या किंवा घराच्या हक्कावर दीर दावा सांगतो, किंवा ‘मीच त्यांची बायको’ म्हणून दुसरीच कोणी पुढे येते. तेव्हा खिडकीमागचा कारकून शांतपणे विचारतो, “विवाहाचा दाखला?” आणि पस्तीस वर्षे संसार केलेल्या बाईला आपण त्याच माणसाची बायको होतो, हे सिद्ध करत बसावे लागते.

गावातच लग्न झाले असेल तर निदान चार माणसे ओळखीची असतात. लग्न परप्रांतात झाले असेल तर हा पेच अधिकच अवघड होतो.

अंबत्तूर का?

चेन्नईच्या पश्चिमेला असलेले अंबत्तूर हे कारखान्यांचे गाव. सायकली बनवणारी टीआय सायकल्स १९४९ मध्ये इथे सुरू झाली, पुढे डनलॉपचा टायरचा कारखाना आला, १९६० च्या दशकात मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. शेजारी पाडीला मोटारींचे सुटे भाग तयार होतात, तर आवडीला रणगाडे. अशा ठिकाणी देशभरातून माणसे नोकरीसाठी येतात. महाराष्ट्रातून तमिळनाडूत गेलेली माणसेही काही थोडी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसाय करणारी कुटुंबे तर दक्षिणेत गावोगावी पोहोचली आहेत.

समजा, एका मुलीचे लग्न १९८८ साली अंबत्तूरला झाले. मुलगा तिथल्याच कारखान्यात, म्हणून लग्नही तिथल्याच मंडपात. पुढे संसार झाला, मुले शिकली, निवृत्तीनंतर जोडपे सातारा किंवा सांगलीकडे परतले. काही वर्षांनी नवरा गेला. आता तिच्या हातात आहे एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका, फोटोंचा अल्बम आणि ‘तिथल्या ऑफिसात सह्या केल्याचे आठवते’ एवढी आठवण. हा कागद तिला मिळू शकेल का?

मिळू शकेल. त्यासाठी काही प्रश्नांची उत्तरे मात्र ओळीने शोधावी लागतील.

पहिला प्रश्न : नोंद झाली होती का?

‘प्रत’ मिळते ती मूळ नोंदीची. नोंदच नसेल तर प्रत कशाची मिळणार? म्हणून सर्वप्रथम हे पाहावे की लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदवले गेले.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ नुसार हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विवाहांची नोंद करता येते. तमिळनाडूत २००९ पर्यंत ही नोंद बहुतांशी ऐच्छिक होती. ज्यांना गरज वाटली त्यांनी केली, बाकीच्यांनी नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल, म्हणजे ज्याला आपण ‘नोंदणी विवाह’ म्हणतो, तर प्रश्नच मिटला. तिथे तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्याशिवाय लग्नच लागत नाही.

ख्रिस्ती विवाहांसाठी १८७२ चा वेगळा कायदा आहे. तिथे चर्चच्या नोंदवहीपासून शोध सुरू करावा.

१४ फेब्रुवारी २००६ रोजी ‘सीमा विरुद्ध अश्वनी कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश राज्यांना दिला. त्यानंतर तमिळनाडूने २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्या तारखेनंतर तमिळनाडूत झालेला कोणत्याही धर्माचा विवाह नव्वद दिवसांत नोंदवणे बंधनकारक आहे. तो काळ उलटला तर जादा शुल्क भरून आणखी साठ दिवस मिळतात.

इथे एक गफलत अनेकांची होते. देवळातल्या लग्नाची पावती, मंडपाच्या भाड्याची पावती किंवा देवस्थानाने दिलेला कागद हा सरकारी दाखला नव्हे. तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, जपून ठेवावा, पण सरकारी रजिस्टरात नाव आहेच असे त्यावरून समजू नये.

दुसरा प्रश्न : कोणते कार्यालय?

मराठी माणूस इथे हमखास चुकतो. महाराष्ट्रात जन्म, मृत्यू आणि विवाह या तिन्ही नोंदींसाठी आपण महापालिकेच्या वॉर्डात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जातो. त्याच सवयीने अंबत्तूरला गेलेला माणूस महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन उभा राहतो. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. विवाहाच्या नोंदी तमिळनाडूत राज्याच्या नोंदणी खात्याकडे, म्हणजे घर-जमिनीची खरेदीखते नोंदवणाऱ्या सब-रजिस्ट्रारकडे असतात. तमिळमध्ये या कार्यालयाला ‘सार्पदिवाळर अलुवलगम’ आणि विवाह नोंदणीला ‘तिरुमण पदिवु’ म्हणतात. रिक्षावाल्याला किंवा चौकशीच्या खिडकीवर एवढे दोन शब्द सांगता आले तरी निम्मी वणवण वाचते.

दुसरी अडचण पत्त्याची. अंबत्तूर जागचे हलले नाही, पण कागदावर ते बरेच फिरले. १९८८ साली ते चेंगलपट्टू जिल्ह्यात होते. १९९७ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन तिरुवळ्ळूर जिल्हा झाला आणि अंबत्तूर त्यात गेले. २०११ मध्ये तिथली नगरपालिका चेन्नई महापालिकेत विलीन झाली. २०१८ मध्ये अंबत्तूर तालुका चेन्नई जिल्ह्याला जोडला गेला. खुद्द मद्रासचे चेन्नई झाले ते १९९६ मध्ये. त्यामुळे जुन्या कागदावर ‘मद्रास’ किंवा ‘चेंगलपट्टू’ दिसले तर गोंधळून जाऊ नये, आणि अर्जात नवा पत्ता लिहिताना जुना पत्ताही जसाच्या तसा लिहावा.

वस्ती वाढली की सब-रजिस्ट्रार कार्यालयांच्या हद्दीही बदलतात. आज जो रस्ता एका कार्यालयाकडे आहे तो तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याकडे असू शकतो, आणि जुनी रजिस्टरे जुन्याच ठिकाणी असू शकतात. म्हणून ‘इथे नाही’ असे उत्तर मिळाले तर लगेच परत फिरू नये. ‘त्या वर्षी हा भाग कोणत्या कार्यालयाकडे होता?’ हा पुढचा प्रश्न विचारावा.

तिसरा प्रश्न : नाव कसे लिहिले असेल?

नोंद असूनही सापडत नाही, त्याचे कारण बऱ्याचदा नावात दडलेले असते.

आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. तमिळनाडूत आडनाव वापरण्याची रीत जवळजवळ नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे आणि मग स्वतःचे नाव. त्यामुळे तिथल्या लेखनिकाने मराठी वराची नोंद करताना आडनाव गाळलेले असू शकते, किंवा आडनावालाच नाव समजून लिहिलेले असू शकते. सूची पाहताना नाव आणि आडनाव दोन्हींखाली शोध घ्यायला सांगावे.

लिपीचाही प्रश्न आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांना एक, आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. ‘भारती’ लिहिले तर ते ‘पारदी’ असेही वाचता येते. शिवाय तमिळ पद्धतीने इंग्रजीत ‘त’साठी ‘टी’च्या पुढे ‘एच’ जोडतात. त्यामुळे गीता किंवा सविता ही साधी नावेही आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली असतात. संगणकावर नाव शोधताना एका अक्षराचा फरकही पुरेसा होतो.

आणि तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा. माहेरची सुमन सासरी माधुरी होते. पुढे तीस वर्षे रेशनकार्ड, बँक, आधार सगळीकडे माधुरी. पण नोंदणीच्या रजिस्टरात सुमन, तीही माहेरच्या आडनावाने! अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, याचे प्रतिज्ञापत्र आणि शक्यतो राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जोडावी लागते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिण्याचा तो दोन मिनिटांचा हौसेचा कार्यक्रम उतारवयात असा महागात पडतो. नव्या मुलींनी याचा जरूर विचार करावा.

तारखेचीही एकदा खातरजमा करावी. आपल्या पत्रिकेवर शके, महिना आणि तिथी असते, तमिळ पत्रिकेवर त्यांचा महिना. इंग्रजी तारीख पक्की माहीत नसेल तर जुने पंचांग किंवा त्या वर्षाची दिनदर्शिका पाहून ती काढता येते. लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असू शकते, हेही विसरू नये. लग्न मे महिन्यात आणि सह्या ऑगस्टमध्ये, असे सर्रास घडते.

अर्ज करताना

प्रत मागणे ही याचना नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिले आहे की, विवाह रजिस्टर योग्य वेळी पाहण्यासाठी खुले असेल आणि अर्ज करून ठरलेले शुल्क भरल्यावर निबंधक त्याचा प्रमाणित उतारा देईल. विशेष विवाह कायद्याच्या कलम ४७ मध्येही अशीच तरतूद आहे. हे कलम अर्जात एका ओळीत नमूद केले तर बिघडत नाही.

अर्ज साधा, एका पानाचा असावा. त्यात वर-वधूची लग्नापूर्वीची पूर्ण नावे, दोघांच्या वडिलांची नावे, लग्नाची तारीख, जागा, नोंदणीचा क्रमांक आणि वर्ष, प्रत कशासाठी हवी याचे कारण आणि सध्याचा पत्ता द्यावा. सोबत ओळखपत्राची प्रत, जुन्या दाखल्याची झेरॉक्स असल्यास तीही, आणि पती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला. अर्ज इंग्रजीत चालतो. तमिळ जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या तर काम अधिक सोपे होते.

नोंदणीचा क्रमांक माहीत नसेल तर शोध घ्यावा लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे पडू शकते. म्हणून वर्ष जितके नेमके सांगता येईल तितके सांगावे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. कार्यालयाच्या दारात ‘दोन दिवसांत काढून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा. त्याने आणलेला कागद खरा की खोटा, हे व्हिसाच्या खिडकीवरच कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

तमिळनाडूच्या नोंदणी खात्याने २०१८ पासून ‘टीएनरेजिनेट’ हे संकेतस्थळ नव्याने सुरू केले आहे. तिथे तमिळ आणि इंग्रजीतून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करण्याची सोय आहे. अलीकडच्या नोंदींसाठी यामुळे सांगलीहून चेन्नईची वारी वाचू शकते. हस्तलिखित रजिस्टरांच्या काळातल्या नोंदीसाठी मात्र कार्यालयाशी थेट पत्रव्यवहार करायची तयारी ठेवावी. स्वतः जाणे शक्य नसेल तर तिथल्या विश्वासू नातेवाइकाला अधिकारपत्र द्यावे.

महिनोन्‌महिने उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या अर्जाचे काय झाले, तो कोणाकडे आणि किती दिवस पडून आहे, हे विचारता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुष्कळदा उत्तराऐवजी मूळ कागदच हातात पडतो.

कागद परदेशात दाखवायचा असेल तर केवळ प्रत पुरत नाही. आधी संबंधित राज्याच्या अधिकाऱ्याचे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण लागते. भारत २००५ मध्ये हेग करारात सामील झाल्यापासून त्या करारातल्या देशांसाठी ‘अपोस्टिल’चा शिक्का चालतो. लक्षात घ्या, दाखला तमिळनाडूचा असेल तर राज्याचे प्रमाणीकरणही तमिळनाडूचेच लागेल. मुंबईत मंत्रालयात खेटे घालून उपयोग नाही.

नोंदच सापडली नाही तर?

तर लग्न झालेच नाही, असे मुळीच नाही. नोंद नसल्यामुळे विवाह अवैध ठरत नाही, हे हिंदू विवाह कायद्यानेच स्पष्ट सांगितले आहे. विधिपूर्वक झालेले लग्न हे लग्नच असते.

दोघेही हयात असतील तर जुन्या लग्नाची नोंद आजही करता येते. हिंदू विवाह कायद्याखाली ती होते, आणि विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खालीही, तीस दिवसांची जाहीर सूचना देऊन. साठीच्या जोडप्याने नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करायला लाजायचे कारण नाही. उलट एकमेकांसाठी करण्यासारखे यापेक्षा उपयोगी काम त्या वयात क्वचितच सापडेल.

जोडीदार गेला असेल तर मात्र ही वाट बंद होते, कारण सह्या दोघांच्या लागतात. मग इतर पुरावे गोळा करावे लागतात : रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, मतदारयादी, नोकरीच्या ठिकाणी नवऱ्याने भरलेले नामनिर्देशन, विम्याची कागदपत्रे, लग्नपत्रिका, फोटो, लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे. स्त्री आणि पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले असतील तर ते विवाहितच आहेत, असे कायदा गृहीत धरतो. १९७८ मध्ये बद्री प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या विवाहाचा पुरावा मागितला गेला. न्यायालयाने म्हटले की, विवाह नाकारणाऱ्यानेच तसे सिद्ध करावे. वाद असेल तर दिवाणी न्यायालयाकडून आपल्या विवाहित दर्जाची घोषणा मिळवता येते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

दाखला म्हणजे लग्न नव्हे

याची दुसरी बाजूही जाणून घ्यायला हवी. हिंदू विवाह कायद्यात नोंद हा लग्नाचा पुरावा आहे, ती लग्नाची जागा घेत नाही. केवळ कुठल्या तरी संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन, कोणताही विधी न करता नोंद केली तर तो विवाह ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

आणि विधी सिद्ध करता न येण्याची किंमत स्त्रीला कशी मोजावी लागते, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसते. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. पहिली पत्नी असताना भाऊरावने १९६२ मध्ये दुसरे लग्न केले. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली. पण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो सुटला! लग्न लागले हे साऱ्यांना ठाऊक असले तरी न्यायालयाला पुरावा लागतो.

तमिळनाडूत या बाबतीत एक वेगळी तरतूद आहे. तिथे १९६७ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ आले. नातेवाईक, मित्र किंवा इतरांसमोर एकमेकांना हार घालून, अंगठी घालून किंवा ताळी बांधून, पुरोहिताशिवाय केलेले ‘स्वाभिमान विवाह’ त्यामुळे कायदेशीर ठरले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून जी पुरोहिताविना लग्नाची वाट दाखवली, तिच्याशी नाते सांगणारीच ही गोष्ट. भटजी नसलेल्या अशा लग्नात तर नोंदीचे महत्त्व अधिकच.

आपल्या घरी काय स्थिती?

नोंदणीच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. मुंबई राज्याने १९५३ मध्येच विवाह नोंदणीचा कायदा केला. त्याच्या जागी आलेला १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून लागू आहे. शहरात महापालिका आणि खेड्यात ग्रामपंचायत यांच्याकडे नोंद होते. शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून नागरी निबंधकासमोर नोंद केल्याशिवाय लग्नाला पूर्णत्वच नाही. गोव्यातली बाई म्हणूनच आपल्या लग्नाचा कागद कुठे आहे हे सहसा नेमके सांगू शकते, आणि नवऱ्याच्या मिळकतीत आपला अर्धा वाटा आहे हेही.

एकेकाळी नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत घराण्याची वंशावळ सापडायची. त्या वह्यांत पुरुषांची नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, स्त्रिया मात्र बहुधा कोणाची तरी आई किंवा पत्नी म्हणूनच. विवाहाच्या रजिस्टरात तसे नाही. तिथे वराच्या बरोबरीने वधूचे नाव, वय आणि तिची स्वतःची सही असते.

हे लक्षात ठेवा

नोंदणी झाल्यावर दाखल्याच्या निदान तीन प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्या. एक सासरी, एक माहेरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

नोंदणी क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचे नाव घरातल्या डायरीत लिहून ठेवा. हा क्रमांक हाताशी असेल तर शोध मिनिटांत होतो.

दाखला हातात पडताच खिडकीवरच नाव, तारीख आणि पत्ता तपासा. चूक त्याच दिवशी दुरुस्त होणे सोपे, तीस वर्षांनी अवघड.

नोकरीच्या, विम्याच्या आणि बँकेच्या कागदांवरचे तुमचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच आहे का, ते दोघांनी मिळून पाहा.

आणि हे सारे ‘त्यांना माहीत आहे’ म्हणून नवऱ्यावर सोपवू नका. ज्या दिवशी या कागदाची खरी गरज पडते, त्या दिवशी विचारायला ते नसतात. कपाटातली लग्नाची फाइल आजच काढा. दाखला असेल तर क्रमांक लिहून ठेवा, नसेल तर येत्या सोमवारी दोघे मिळून नोंदणी कार्यालयात जाऊन या.